भात-पोळी सोडून बेचाळीस किलोमीटर

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. एक जण बजावतो, दर पाऊण तासाला साखरेचं जेल पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उचलणार नाहीत. दुसरा सांगतो, मी भात, पोळी, साखर कधीच बंद केली. पहाटे उपाशीपोटी वीस-बावीस किलोमीटर धावतो, वाटेत पाण्याशिवाय काही लागत नाही. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही पाठीशी प्रयोगशाळेतले आकडे आहेत. पंचाईत होते ती तिसऱ्याची. त्याने पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलेलं असतं, डॉक्टरांनी नुकतंच वजन आणि साखर उतरवायला सांगितलेलं असतं आणि आता कोणाचं ऐकावं ते त्याला कळत नाही.

हा लेख त्या तिसऱ्यासाठी आहे. भात-पोळी न खाता लांब पल्ला गाठता येतो का, याचं उत्तर पल्ला किती यापेक्षा वेग किती यावर जास्त अवलंबून असतं. असं का, हे कळण्यासाठी शरीर इंधन कुठे साठवतं आणि कसं काढतं तिथून सुरुवात करू.

## आधी ‘कमी’ म्हणजे किती?

धान्य, डाळी, बटाटा, फळं, साखर, गूळ यांतून जे पिष्ट आणि साखर मिळते त्यांना कर्बोदकं म्हणतात. आपल्या रोजच्या जेवणातली निम्म्याहून जास्त ऊर्जा त्यांतूनच येते. दिवसाची कर्बोदकं साधारण १३० ग्रॅमच्या खाली आली की कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. ती ५० ग्रॅमच्या खाली गेली की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं पर्यायी इंधन मोठ्या प्रमाणावर बनवू लागतं, म्हणून त्या आहाराला कीटो म्हणतात.

दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला की पन्नास ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे रात्रीचा भात सोडलेला, पण सकाळी पोहे, दुपारी पोळी-आमटी आणि संध्याकाळी केळं खाणारा माणूस ‘मी कीटोवर आहे’ म्हणाला तरी त्याचं शरीर तसं म्हणत नसतं. हा फरक इथेच नोंदवतो, कारण पुढे ज्या प्रयोगांबद्दल लिहिलं आहे ते बहुतेक खऱ्या कीटोवरचे आहेत. रात्रीचा भात सोडणाऱ्याला त्यांचे फायदेही लागू होत नाहीत आणि तोटेही.

## टाकी आणि धरण

शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. पहिला ग्लायकोजेनचा. कर्बोदकं पचून झालेली साखर स्नायूंत आणि यकृतात साखळ्या करून ठेवली जाते, ते ग्लायकोजेन. सत्तर किलोच्या सराव असलेल्या माणसाच्या स्नायूंत ते साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमपर्यंत मावतं. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर सगळे मिळून दोन हजार.

दुसरा साठा चरबीचा. याच माणसाच्या अंगावर १५ टक्के चरबी असेल, म्हणजे तो चांगला सडपातळ असेल, तरी ती दहा किलो भरते. ग्रॅमला नऊ कॅलरींनी हिशोब नव्वद हजारांवर जातो. त्यातली जगण्यासाठी लागणारी चरबी बाजूला ठेवली तरी उरलेल्या साठ्यात कित्येक मॅरेथॉन होतील.

सपाटीवर धावायला किलोमीटरमागे, शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ४२.२ किलोमीटरसाठी तीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात.

गच्चीवरची टाकी आणि गावाबाहेरचं धरण डोळ्यांसमोर आणा. टाकी छोटी, पण नळ सोडला की पाणी धो धो येतं. धरण तुडुंब भरलेलं, पण तिथून येणारा कालवा अरुंद. ग्लायकोजेन म्हणजे टाकी आणि चरबी म्हणजे धरण. लांब पल्ल्याच्या खेळाडूची अडचण पाण्याच्या साठ्याची कधीच नसते, कालव्याच्या रुंदीची असते.

## कालवा किती अरुंद?

नेहमीचं जेवण जेवणाऱ्या, चांगला सराव असलेल्या माणसाच्या शरीरात मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम चरबी जळू शकते. ०.६ ग्रॅम धरू. तासाला ३६ ग्रॅम, म्हणजे सव्वातीनशे कॅलरी. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करायची तर ताशी साडेदहा किलोमीटर धावावं लागतं आणि त्याला तासाला ७४० कॅलरी लागतात. उरलेल्या चारशेहून जास्त कॅलरी टाकीतून काढाव्या लागतात, म्हणजे तासाला शंभर ग्रॅम ग्लायकोजेन. चार तासांत चारशे ग्रॅम.

टाकी काठोकाठ भरली तरी हा हिशोब शेवटी ओढाताणीचा होतो, कारण दंड आणि पाठीच्या स्नायूंमधलं ग्लायकोजेन पायांच्या कामी येत नाही. एका स्नायूतला साठा दुसऱ्याला देता येत नाही. इमारतीतल्या प्रत्येक घराची टाकी वेगळी असते तसं. सगळ्यांना वाटता येईल असा साठा फक्त यकृताचा, आणि त्यावर पहिला हक्क मेंदूचा.

म्हणूनच धावपटू ज्याला ‘वॉल’ लागणं म्हणतात ते दोन प्रकारांनी येतं. पायांचं ग्लायकोजेन संपलं की मांड्या शिशासारख्या होतात. डोकं शाबूत असतं, पण वेग मिळत नाही. यकृताचं संपलं की रक्तातली साखर उतरते. मग गरगरतं, घाम गार पडतो, चिडचिड होते, साधी बेरीज सुचत नाही. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. तिथे कडेला उभं राहिलं तर हे दोन्ही प्रकार वेगवेगळे ओळखता येतात. पहिल्या प्रकारातला माणूस खाली मान घालून चालत असतो. दुसऱ्याला नाव विचारलं तर क्षणभर थांबून सांगतो, आणि त्याच्या हातात लगेच काहीतरी गोड द्यावं लागतं.

वेग कमी केला की शरीर आपोआप चरबीकडे वळतं, वाढवला की टाकीकडे. साधी खूण म्हणजे धावताना सलग पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चरबीचा वाटा बराच आहे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर टाकी झपाट्याने उतरते आहे.

## हे कळलं कसं?

१९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तिथल्या डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. शर्यत संपवून जे पांढरेफटक पडले होते, थरथरत होते, नीट बोलू शकत नव्हते, त्यांची साखर खूप उतरलेली होती. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं खायला सांगितली, वाटेत गोळ्या-चॉकलेटं दिली, आणि चित्र बदललं. शंभर वर्षांपूर्वी झालेली ही आजच्या जेलची सुरुवात.

१९३९ मध्ये कोपनहेगनला क्रिस्टेन्सन आणि हान्सन यांनी माणसांना वेगवेगळा आहार देऊन थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. चरबीच्या आहाराच्या तुलनेत कर्बोदकांच्या आहारावर ती दुपटीहून जास्त वेळ टिकली. पण स्नायूंच्या आत काय घडतं हे अजून कोणी पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी. बर्गस्ट्रॉमने जाड सुईने मांडीतून स्नायूचा छोटा तुकडा काढायची पद्धत रुळवली होती. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात प्रयोगाला बसलेली दोन माणसं म्हणजे ते स्वतःच होते. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले. एकाने डाव्या पायाने पेडल मारलं, दुसऱ्याने उजव्या, अगदी थकेपर्यंत. दुसरा पाय आरामात. नंतर तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि दोन्ही मांड्यांतून तुकडे काढत राहिले. न वापरलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास होतं तसंच राहिलं. थकलेल्या पायात ते आधी तळाला गेलं आणि मग दुसऱ्या पायाच्या साधारण दुप्पट भरलं. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. रिकामी झालेली टाकी मात्र आधीपेक्षा जास्त भरते. शर्यतीआधी भात-पास्ता खाण्याची सगळी प्रथा इथून आली आहे.

## मग कालवाच रुंद केला तर?

कमी कर्बोदकांच्या बाजूचा युक्तिवाद इथे सुरू होतो आणि तो भक्कम आहे. टाकी छोटीच राहणार असेल तर धरणाचा कालवा का रुंद करू नये?

शरीराला हे जमतं याची खूण जुनी आहे. १८७८ ते १८८० मध्ये अमेरिकी लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाट्का इन्यूइट सोबत्यांबरोबर आर्क्टिकमध्ये तीन हजार मैलांहून जास्त फिरला, तेही मुख्यतः शिकारीच्या मांसावर. त्याने नोंदवलं आहे की निव्वळ रेनडिअरच्या मांसावर आल्यावर सुरुवातीला अशक्तपणा येतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो.

स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगशाळेत आणलं. पाच सरावलेल्या सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला वीस ग्रॅमहून कमी कर्बोदकांवर ठेवलं. मध्यम वेगाने थकेपर्यंत सायकल चालवायची होती. आधी सरासरी १४७ मिनिटं टिकले होते, नंतर १५१. म्हणजे टाकी बरीच उतरलेली असूनही दम तेवढाच. पण सरासरीच्या आत डोकावलं तर एकाचा वेळ खूप वाढला होता आणि काहींचा घटला होता. पाच माणसांच्या प्रयोगात एक माणूस सगळी सरासरी फिरवू शकतो, हे विसरून चालणार नाही.

२०१६ मध्ये जेफ व्होलेक यांच्या गटाने अल्ट्रामॅरेथॉन (मॅरेथॉनहून लांब धाव) आणि आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) करणारे वीस कसलेले खेळाडू तपासले. दहा नेहमीच्या आहारावरचे आणि दहा सरासरी वीस महिने कमी कर्बोदकांवर असलेले. पहिल्या गटात चरबी जास्तीत जास्त मिनिटाला ०.६७ ग्रॅम जळत होती, दुसऱ्या गटात १.५४ ग्रॅम. कालवा दुपटीहून रुंद झाला होता. १.५४ ग्रॅम म्हणजे तासाला ८३० कॅलरी. वर काढलेला ७४० चा हिशोब आठवा: कागदावर चार तासांची मॅरेथॉन निव्वळ चरबीवर धावता येते. अर्थात हे निवडक खेळाडू होते आणि त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता तुमच्या-माझ्यापेक्षा बरीच मोठी. आपला कालवा रुंदावेल, पण एवढा नाही.

व्हॉट्सअॅपवरचा दुसरा माणूस खोटं बोलत नाही, ते यामुळे. त्याच्या वेगाला त्याचा कालवा पुरतो.

## मग अडतं कुठे?

अडतं वेगात, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं ऑक्सिजनचं. एक लिटर ऑक्सिजन वापरून कर्बोदकं जाळली तर साधारण ५.०५ कॅलरी मिळतात, चरबी जाळली तर ४.६९. फरक सात टक्क्यांचा. रमतगमत धावताना फुप्फुसं आणि हृदयाकडे भरपूर वाव असतो, सात टक्के जास्त ऑक्सिजन सहज घेता येतो. पण शर्यतीच्या वेगात श्वास आधीच मर्यादेजवळ पोचलेला असतो. तिथे हा सात टक्क्यांचा खर्च थेट वेगातून वसूल होतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. कीटोवर राहिलं की कालवा रुंदावतो, आणि त्याच वेळी टाकीचा नळ गंजू लागतो. स्नायूंत साखर जाळण्याच्या वाटेवर एक विकर (एन्झाइम) असतं, ते साखरेचा प्रवेश नियंत्रित करतं. चरबीच्या आहारावर त्याचं काम मंदावतं. ट्रेंट स्टेलिंगवर्फ यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच दिवस चरबीचा आहार आणि नंतर एक दिवस भरपूर कर्बोदकं देऊनही हे विकर मंदच राहिलं. म्हणजे टाकी भरलेली, पण पाणी जोरात येईना. ‘वर्षभर कीटो आणि शर्यतीआधी एक दिवस भात’ ही युक्ती वाटते तेवढी सरळ नाही, ती यासाठी.

त्याच वर्षी केप टाऊनच्या एका प्रयोगात सायकलपटूंनी शंभर किलोमीटरची चाचणी दिली, मधे मधे जोरदार स्प्रिंट मारायच्या होत्या. एकूण वेळेत ठळक फरक पडला नाही, पण एक किलोमीटरच्या स्प्रिंटमध्ये चरबीवरच्यांची ताकद कमी पडली. सायकलची शर्यत बहुतेक वेळा अशाच एका किलोमीटरमध्ये ठरते.

सगळ्यात काटेकोर काम ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क यांचं. कॅनबेराला त्यांनी जागतिक दर्जाचे चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू शिबिराला बोलावले. तीन आठवडे सगळ्यांचं जेवण स्वयंपाकघरात तोलून-मापून दिलं. एका गटाला भरपूर कर्बोदकं, दुसऱ्याला तेवढीच पण सरावाप्रमाणे कधी जास्त कधी कमी, तिसऱ्याला दिवसाला पन्नास ग्रॅमहून कमी. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सराव तर सगळ्यांचा छान झाला होता, तिन्ही गटांची ऑक्सिजन क्षमता वाढली होती. पण दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिला गट ६.६ टक्क्यांनी आणि दुसरा ५.३ टक्क्यांनी सुधारला. तिसरा सरासरी १.६ टक्के मागे गेला. शरीर तंदुरुस्त झालं होतं, पण त्या वेगाला ऑक्सिजनचा खर्च वाढल्याने कमावलेलं हातातून गेलं. २०२० मध्ये नव्याने केलेल्या प्रयोगातही हाच कल दिसला.

## ‘तीन आठवड्यांत काय कळणार?’

हा आक्षेप रास्त आहे. सवय व्हायला महिने लागतात, असं कीटोचे पुरस्कर्ते म्हणतात. चरबी जाळण्याचा दर मात्र पहिल्या एक-दोन आठवड्यांतच खूप वाढतो, असं बर्क यांच्याच नंतरच्या कामात दिसलं. ज्या फायद्याची वाट पाहायची तो लवकर येतो. २०१८ मध्ये मॅकस्वायनी आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंना बारा आठवडे कीटोवर ठेवलं. शंभर किलोमीटरच्या सायकल चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि कीटो गटाचं वजन सरासरी जवळजवळ सहा किलो उतरलं होतं. एवढं हलकं होऊनही वेगात ठळक फायदा दिसत नाही, याचा मी तरी असा अर्थ लावतो की एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जात होतं. पण ज्याला मुळात वजनच उतरवायचं आहे, त्याच्यासाठी हा निकाल अजिबात वाईट नाही.

केनियाच्या धावपटूंचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यांच्या आहाराच्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा कर्बोदकांतून आली होती. मक्याच्या पिठाचं उगाली, भात, बटाटा, साखर घातलेला चहा. जगातल्या सगळ्यात वेगवान मॅरेथॉन अशा जेवणावर धावल्या गेल्या आहेत. मात्र ते लोक आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर धावतात. दिवसातले दहा तास खुर्चीत बसणाऱ्याने त्यांच्या ताटाची नक्कल करणं हा वेगळाच धोका आहे.

## शंभर मैल धावणारे काय खातात?

वेग जितका उतरतो आणि पल्ला जितका वाढतो, तितकं पारडं चरबीकडे झुकतं. अमेरिकेचा झॅक बिटर कमी कर्बोदकांचा आहार घेणारा म्हणून ओळखला जातो. २०१९ मध्ये मिल्वॉकीला त्याने शंभर मैल ११ तास १९ मिनिटांत धावून विक्रम केला. पण तोही शर्यतीत कर्बोदकं घेतो. रोजच्या जेवणात कमी, शर्यतीच्या दिवशी गरजेपुरती, अशी त्याची पद्धत. कीटोचे दाखले देताना हा भाग गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

महाराष्ट्रात याला सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे बीआरएम सायकलिंग, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला पूर्ण करायच्या राइड. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडे दर मोसमात शेकडो लोक या राइड करतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास. ताशी पंधरा किलोमीटरचा हा वेग सपाटीवर सरावलेल्या माणसाला गप्पा मारत गाठता येतो. ज्यांचा कालवा रुंद आहे त्यांना इथे खरा फायदा होतो, आणि तो पोटाचा. दहा-बारा तास दर तासाला साठ ग्रॅम साखर ढोसत राहिलं की मळमळ, गॅस, जुलाब सुरू होतात. लांबच्या शर्यती सोडून देण्याच्या मुख्य कारणांत पोटाच्या तक्रारी येतात. एकट्या ग्लुकोजची आतड्याची शोषायची क्षमता तासाला साधारण साठ ग्रॅम. त्यात फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, मिसळली तर ती वेगळ्या वाटेने आत जाते आणि नव्वदपर्यंत मजल जाते, पण त्यासाठीही पोटाला आठवडेच्या आठवडे सवय लावावी लागते. जो तासाला वीस-तीस ग्रॅमवर भागवू शकतो, त्याचा हा सगळा ताप वाचतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीला, म्हणजे डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधल्या नव्वदेक किलोमीटरला, आपल्याकडून बरेच जण जातात. तिथेही बारा तासांच्या मुदतीत पोचायचं असेल तर हाच हिशोब. सुवर्ण किंवा रौप्यपदकाच्या वेगाने धावायचं असेल तर वेगळा.

## दोन्हीचा मेळ

मला स्वतःला पटतो तो मधला रस्ता, आणि आज बरेच प्रशिक्षकही तेच सांगतात. आठवड्यातली एक-दोन सावकाश धाव सकाळी उपाशीपोटी करायची. चढ, इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटून पालटून धावणं) किंवा शर्यतीच्या वेगाचा सराव मात्र पोटात पोहे, केळं, भाकरी असताना. शर्यतीच्या दिवशी टाकी भरलेली आणि वाटेतही भरती. बर्क यांचा दुसरा गट साधारण असाच होता. यात रोज कर्बोदकं खाणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, पण नळही गंजला नाही.

## कीटोवरच राहायचं असेल तर

काहींना वजनासाठी, काहींना साखरेसाठी याच आहारावर राहायचं असतं आणि तरी धावायचं असतं. त्यांच्यासाठी काही गोष्टी.

पहिले तीन-चार आठवडे वेग विसरा. पाय जड राहतील, नाडी नेहमीपेक्षा जास्त पडेल. शर्यत दोन महिन्यांवर असेल तर हा प्रयोग शर्यतीनंतरच सुरू करा. मीठ वाढवा: कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंड जास्त सोडियम बाहेर टाकतं. सुरुवातीची डोकेदुखी, चक्कर, पायात गोळे हे बरेचदा मीठ-पाण्याचं प्रकरण असतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

शाकाहारी माणसाला हे अवघड जातं, हे मान्यच करायला हवं. आपलं प्रथिन डाळींतून येतं आणि कोरड्या डाळीत निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात. मग पनीर, चक्का, शेंगदाणे, खोबरं, टोफू यांवर दिवस काढावा लागतो. शेंगदाणे रस्त्यावर सोयीचे. शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि कर्बोदकं सोळा ग्रॅमच्या आसपास. हायवेवरच्या ढाब्यावर रात्री दोन वाजता वडापाव, मिसळ, पोहे आणि मॅगी सोडून काय मागायचं हे आधी ठरवलेलं असावं. अंडी खात असाल तर ऑम्लेट, पाव बाजूला ठेवून. नाहीतर पनीर भुर्जी.

आणि कीटोवर असलात तरी खिशात थोडी साखर हवीच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्रायथलॉनपटूंना सहा-सहा आठवडे कीटो आणि भरपूर कर्बोदकं अशा दोन्ही आहारांवर ठेवून थकेपर्यंत व्यायाम करायला लावला. दर तासाला फक्त दहा ग्रॅम कर्बोदकं दिली तर टिकण्याचा वेळ दोन्ही आहारांवर साधारण २२ टक्क्यांनी वाढला. दहा ग्रॅम म्हणजे दोन लहान खजूर किंवा दोन चमचे साखर. एवढ्याशा साखरेने मांडीची टाकी भरत नाही. यकृताचा साठा आणि रक्तातली साखर सावरते, मेंदू धोक्याची घंटा वाजवत नाही. त्या संशोधकांमध्ये दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स होते. पूर्वी त्यांनी धावपटूंना भरपूर कर्बोदकं खायला सांगितली आणि पुढे जाहीरपणे त्याच्या विरोधात गेले. या निकालाशी सगळे सहमत नाहीत, पण खजूर खिशात ठेवण्यात कोणाचंच नुकसान नाही.

स्त्रियांनी जास्त जपायला हवं. कीटोवर भूक मंदावते आणि लांब सराव चालू असताना एकूण जेवणच कमी पडतं. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते ‘सरावामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. हाडांचं नुकसान तिथून सुरू होतं. कॅनबेराच्या खेळाडूंमध्ये साडेतीन आठवड्यांच्या कीटोनंतर हाडांची झीज दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणा वाढलेल्या आढळल्या होत्या.

## मधुमेहाची गोळी चालू असेल तर

आपल्याकडे कमी कर्बोदकं आणि धावणं या दोन्ही गोष्टी एकदम सुरू करणाऱ्यांत मधुमेही बरेच असतात. साखर खरोखर उतरते, हुरूप येतो, आणि पाच किलोमीटरवरून माणूस एकवीसला पोचतो. अशांना दोन धोके माहीत असायलाच हवेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच मात्रेत चालू ठेवून जेवणातली कर्बोदकं काढली आणि वर लांब धाव घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा आधी कमी करून घ्यायची, आहार नंतर बदलायचा; आणि ते ठरवायचं डॉक्टरांनी.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पेटंट संपल्यावर डॅपाग्लिफ्लोझिन स्वस्त झाली आणि आता घरोघरी दिसते. हिच्याबरोबर कीटो, उपास किंवा खूप लांब व्यायाम जुळून आला तर रक्तात कीटोन आम्ल साचून कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. आहारामुळे कीटोन थोडे वाढणं वेगळं, हा जिवावरचा आजार आहे. फसवं असं की यात साखर फार वाढलेली नसते, ग्लुकोमीटरवर आकडा ठीकच दिसतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, न जाणारा थकवा ही लक्षणं लांब धावेनंतर कोणालाही येतात, त्यामुळे घरचेही ‘दमलाय, झोपू दे’ म्हणतात. झोपू देऊ नका. रुग्णालयात न्या, कोणती गोळी चालू आहे ते आणि कर्बोदकं बंद आहेत ते पहिल्या वाक्यात सांगा, आणि साखर नॉर्मल असली तरी रक्तातले कीटोन तपासायला सांगा.